चोर सोडून संन्याशाला फाशी: बोर्दो-रोदेझ मॅच परत खेळवायला हवी होती का?

रात्रपाळी_फुटबॉल

आधीच सांगतो, विषय फ्रान्सच्या सेकंड डिव्हिजनचा आहे, म्हणजे लीग 2, आणि सीझन 2022-23 चा. प्रीमियर लीगवाल्यांनी जांभया देत पुढे जायला हरकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या सीझनला लीग 2 मध्ये 20 टीम होत्या पण वर फक्त 2 जाणार आणि खाली 4, प्लेऑफ वगैरे काही नाही, कारण वरची लीग 20 वरून 18 वर आणायची होती. शेवटचा दिवस 2 जून 2023, आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा, सगळ्या मॅच एकाच वेळी सुरू. ल आव्र एक नंबरला, त्याखाली मेस आणि बोर्दो सेम पॉइंटवर, पण गोल फरकात मेस पुढे. बोर्दो घरच्या मैदानावर, 40 हजारांच्या वर पब्लिक, समोर रोदेझ जे तळाला जीव मुठीत धरून खेळतंय. मी एका स्क्रीनवर मेस आणि दुसऱ्यावर बोर्दो लावून बसलेलो, आई दोनदा येऊन लाइट बंद कर म्हणून गेली.

22 व्या मिनिटाच्या आसपास रोदेझच्या लुकास ब्युआदेसने गोल मारला आणि आनंदात बोर्दोच्या कट्टर सपोर्टरांच्या स्टँडखालच्या कोपऱ्याकडे पळाला. तिथे एक माणूस मैदानात उतरला आणि त्याला ढकललं. ब्युआदेस खाली. रेफरीने दोन्ही टीम आत पाठवल्या आणि तासाभराने जाहीर केलं की मॅच रद्द. 12 जूनला लीगचा निकाल आला: मॅच बोर्दो हरलं, वर 1 पॉइंट कापला, स्टँड 2 मॅच बंद. इथपर्यंत ठीक.

पण रोदेझला त्या मॅचचे 3 पॉइंट मिळाले, ते तळातून वर सरकले, आणि 17 व्या नंबरवर खाली राहिलं कोण तर आनसी! ज्यांचा त्या मॅचशी काडीचा संबंध नाही. ढकललं बोर्दोच्या माणसाने, मार खाल्ला रोदेझच्या माणसाने आणि थर्ड डिव्हिजनला जायचं आनसीने. 23 मिनिटं झालेली मॅच पूर्ण झाली असं धरायचं हा कुठला न्याय? माझं म्हणणं सरळ आहे, रिकाम्या स्टेडियममध्ये मॅच परत खेळवायला हवी होती.

टुलूझचा_पाटील

अजिबात पटलं नाही. मी टुलूझला राहतो, रोदेझ इथून दीडशे किलोमीटर, एकदा ऑफिसमधल्या एका रोदेझच्या पोराबरोबर तिथे मॅच बघायला गेलोय. आपल्या तासगावपेक्षा लहान गाव आहे, ऐन गावात स्टेडियम, लाल दगडाचं कॅथेड्रल, आणि लाल-पिवळे स्कार्फ घातलेली म्हातारी मंडळी जी लाइनमनला नावाने हाक मारतात. असला क्लब 40 हजार लोकांसमोर जाऊन पहिला गोल मारतो, त्यांचा प्लेअर पडतो, क्लबने सांगितलं की त्याला कन्कशन झालं, म्हणजे डोक्याला मार, आणि तू म्हणतोस त्यांनी परत जाऊन पहिल्यापासून खेळावं, तेही 0-0 वरून? त्यांनी मारलेला गोल कुठे गेला?

घरच्या टीमची सुरक्षेची जबाबदारी असते. ती पाळली नाही की मॅच गेली आणि समोरच्याला पॉइंट मिळाले, यात न समजण्यासारखं काय आहे.

फुकटचा_रेफरी

धक्काच तर होता ओ. आपल्याकडे लोकलमध्ये रोज सकाळी याच्यापेक्षा जोरात बसतो. मला तर नाटक वाटलं.

टुलूझचा_पाटील

लोकलमध्ये तुम्ही पाठीमागून येणाऱ्याला तयार असता भाऊ. हा गोल मारून नाचत होता. आणि डोक्याच्या दुखापतीवर घरी बसून निदान करू नका प्लीज.

स्टॅट_काका

धागाकर्त्याच्या बाजूने एक मुद्दा देतो जो त्याने स्वतः मांडायला हवा होता. ऑगस्ट 2021 मध्ये नीस-मार्सेल मॅचमध्ये पब्लिक मैदानात घुसलं, मार्सेलची टीम परत खेळायला बाहेरच आली नाही. निकाल काय? नीसचा 1 पॉइंट कापला आणि मॅच त्रुआच्या मैदानावर रिकाम्या स्टँडसमोर पुन्हा. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिओंला मार्सेलच्या पायेच्या डोक्यात बाटली बसली, 5 मिनिटांत मॅच थांबली. निकाल? लिओंचा 1 पॉइंट कापला आणि मॅच फेब्रुवारीत पुन्हा, प्रेक्षकांविना. दोन्ही वेळेला लीग तीच. मग दीड-दोन वर्षांनी तसाच प्रकार झाला तर नियम बदलला का? की मार्सेल-लिओं असेल तर वेगळं आणि रोदेझ-आनसी असेल तर वेगळं?

रात्रपाळी_फुटबॉल

काका जिंकलंत. हेच म्हणायचं होतं.

टुलूझचा_पाटील

काका, तुम्ही कॅलेंडर बघितलं नाही. त्या दोन्ही मॅच सीझनच्या पहिल्या अर्ध्यातल्या होत्या, पुढे महिनोन् महिने पडलेले. इथे निकाल 12 जूनचा, प्लेअर सुट्टीवर गेलेले, 30 जूनला अर्ध्या लोकांची काँट्रॅक्ट संपतात. जो प्लेअर 1 जुलैला दुसऱ्या क्लबला जाणार तो जूनच्या शेवटी रिकाम्या स्टेडियममध्ये पाय मोडून घ्यायला खेळेल? आणि मेन मुद्दा, बोर्दोला त्या मॅचमध्ये काय उरलं होतं? मेसने त्या रात्री बास्तियाला 3-2 हरवलं आणि वर गेलं. म्हणजे परत मॅच खेळवली असती तर बोर्दोला ढीगभर गोल मारायचे असते, एका मोकाट मॅचमध्ये. ते गोल झाले असते तर मेसवाले कोर्टात गेले असते. मग तुझा धागा मेसच्या नावाने निघाला असता.

डबा_आणि_बॉल

मेस की मेट्झ? मला मेस म्हटलं की कॉलेजची पातळ आमटीच आठवते.

रात्रपाळी_फुटबॉल

उच्चार मेसच. आणि आमटी पातळ नव्हती हो, मिकौताद्झे नावाच्या जॉर्जियन पोराने 23 गोल मारले त्या सीझनला, लीगमध्ये सगळ्यात जास्त. कोच बोलोनी म्हणजे ज्याने स्पोर्टिंग लिस्बनला पोरसवदा रोनाल्डोला पहिल्यांदा खेळवलं तो. ल आव्र उलट टाइपचं, गोल कमी मारायचे पण 38 मॅचमध्ये खाल्ले फक्त 19, बघायला कंटाळवाणं पण 14 वर्षांनी वर गेले. असो, विषय भरकटतोय.

पाटील, तारखांचं मान्य. पण 2 जूनला रात्री रद्द झालेली मॅच 5-6 जूनला खेळवता आली असती की. 10 दिवस कागद हलवत बसले आणि मग म्हणायचं आता उशीर झाला. हे म्हणजे आपल्या ऑफिसातल्या साहेबांसारखं झालं.

कोल्हापुरी_गोली

1996 आठवा रे. 13 मार्च, ईडन गार्डन्स, वर्ल्ड कप सेमी. पब्लिकने बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली, मॅच रेफरी क्लाइव्ह लॉइडने मॅच श्रीलंकेला देऊन टाकली. कांबळी रडत गेला. परत खेळवा म्हणून कुठला शहाणा बोलला का? पब्लिकने घाण केली की मॅच समोरच्याची, हा जगभरचा नियम आहे. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमीच्या मॅच बघत मोठा झालोय, तिथेही पोरांना हेच सांगतात की तू दगड उचललास तर तुझी टीम हरली समज.

रात्रपाळी_फुटबॉल

गोली साहेब उदाहरण भारी पण लागू पडत नाही. तिथे आपण 252 च्या मागे 120 ला 8 होतो, मॅच गेलेलीच होती. आणि सेमीफायनलमध्ये दोनच टीम असतात, तिसरा कोणी नसतो! समजा तेव्हा नियम असा असता की भारताने मॅच दिली म्हणून ऑस्ट्रेलिया बाहेर, तर चाललं असतं का? लीगमध्ये प्रत्येक मॅचचे पॉइंट दुसऱ्या 18 टीमच्या खिशात हात घालतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते हे असं.

आणि ओलं म्हणजे कोण बघा. आनसी त्याच वर्षी नॅशनलमधून म्हणजे थर्ड डिव्हिजनमधून वर आलेलं, तळ्याकाठचं निवांत शहर, पोस्टकार्डावर असतं तसं. यांनी 1 मार्चला फ्रेंच कपात मार्सेलला मार्सेलच्याच मैदानात पेनल्टीवर बाहेर काढलं, सेमीपर्यंत गेले, तिथे टुलूझकडून 2-1 हरले. आमच्या पाटलांच्या टुलूझने तो कप जिंकला शेवटी. एवढं करून यांना लीगच्या एका मीटिंगमध्ये खाली पाठवलं.

टुलूझचा_पाटील

कपाचं कौतुक मलाही आहे, पण संन्यासी म्हणून जो तू उभा केलायस त्याने 38 मॅचमध्ये पुरेसे पॉइंट का नाही केले? शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या मॅचवर नशीब टांगलेलं असेल तर ती परिस्थिती त्यांनी स्वतः ओढवून घेतली. दिजों, नीम, निओर पण खाली गेले, त्यांच्यासाठी कोणी धागा काढत नाही.

स्टॅट_काका

पाटील, हे वाक्य रोदेझलाही लागू होतं हो. त्यांचंही नशीब टांगलेलंच होतं. फरक एवढाच की त्यांना उरलेली 67 मिनिटं खेळावी लागली नाहीत.

टुलूझचा_पाटील

एक घेतला काका. पण ती 67 मिनिटं त्यांनी बुडवलेली नाहीत.

निळी_पांढरी_चिंता

तुम्ही सगळे एका धक्क्यावर भांडताय आणि मूळ कुठे आहे ते बघत नाही. 4 टीम खाली घालवायची ही अवदसा आली कुठून? वरच्या लीगमध्ये 18 क्लब असले की टीव्हीच्या पैशाचे वाटेकरी कमी होतात म्हणून. हे क्लबांनीच 2021 मध्ये मतदानाने ठरवलं. खाली नेहमीसारखे दोन-तीन जाणार असते तर 17 वा नंबर सुखाने सुट्टीवर गेला असता, ब्युआदेसचा गोल कोणाच्या लक्षातही राहिला नसता. जिना वर जायला अरुंद केला आणि घसरगुंडी रुंद केली, मग लहान क्लब एकमेकांच्या उरावर बसणारच.

आणि माझं खरं दुखणं वेगळंच आहे. मी सोशोचा फॅन, कसा झालो ते विचारू नका, पेस या व्हिडिओ गेममध्ये पिवळी जर्सी आवडली म्हणून. प्युजो कारखान्याने 1928 ला काढलेला क्लब. त्या सीझनला सोशो 9 व्या नंबरवर, म्हणजे मैदानावर काही धोका नाही. मालक चिनी कंपनी, पैसे आटले, डीएनसीजीने म्हणजे तिथल्या हिशोब तपासणाऱ्या कमिटीने वह्या बघितल्या आणि थेट थर्ड डिव्हिजनला टाकलं. आणि ती जागा कोणाला मिळाली? आनसीला! तुमचा संन्यासी फासावर गेलाच नाही, त्याच्या जागी आम्ही गेलो, नॅशनलमध्ये खेळलो. आम्ही तर गोल पण खाल्ला नाही, धक्का पण मारला नाही, सीट पण मोडली नाही.

रात्रपाळी_फुटबॉल

हो, ते मी मुद्दाम शेवटी सांगणार होतो. आनसी वाचलं, पण ते सोशोच्या वह्यांमुळे, लीगच्या न्यायामुळे नाही.

कोल्हापुरी_गोली

मुद्दाम शेवटी? म्हणजे धागा रंगवायला आधी फाशी दिली आणि मग दोर तुटला सांगतोस. बेस्ट.

निळी_पांढरी_चिंता

आणि वह्या वह्या करताय तर बोर्दोच्या वह्या बघा. 2022 च्या उन्हाळ्यात त्यांनाही डीएनसीजीने नॅशनलमध्येच टाकलं होतं, जुलैच्या शेवटी फेडरेशनने वाचवलं तेव्हा सीझन सुरू व्हायला आठवडाही उरला नव्हता. म्हणजे कागद कडक धरले असते तर बोर्दो त्या लीगमध्येच नसतं आणि 2 जूनची ती मॅचच झाली नसती. मोठ्या क्लबला मुदत मिळते, आम्हाला मिळाली नाही.

टुलूझचा_पाटील

बोर्दोची मुदत पण संपलीच की. 6 वेळचे चॅम्पियन, झिदान जिथे खेळला तो क्लब, 2024 मध्ये प्रोफेशनल दर्जा सोडून थेट फोर्थ डिव्हिजनला. इथे ऑफिसमध्ये एक बोर्दोचा माणूस आहे, त्याच्यासमोर त्या मॅचचा विषय काढला तर कॉफी अर्धी टाकून उठून जातो. त्याचं म्हणणं वर गेलो असतो तर हे झालं नसतं. मला नाही वाटत, भोकाचं मडकं होतं, वरच्या लीगचं पाणी घातलं असतं तरी गळलंच असतं.

फुकटचा_रेफरी

सेंट एतिएनचं पण घ्या की. त्यांचं पब्लिक 2022 ला ओसेरविरुद्धची प्लेऑफ हरल्यावर फटाके घेऊन मैदानात घुसलं, क्लबने 2022-23 सीझन वजा 3 पॉइंटवर सुरू केला. 10 वेळचे चॅम्पियन, थंडीत तळाला होते, मग 8 व्या नंबरवर आले. हा माझ्या मते योग्य प्रकार. शिक्षा पुढच्या सीझनला, स्वतःच्या खात्यातून, शेजाऱ्याचं घर न जाळता.

रात्रपाळी_फुटबॉल

फुकटचा रेफरी पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोलला! मी माझं म्हणणं थोडं बदलतो. मॅच परत नका खेळवू, पाटील म्हणतात ते काँट्रॅक्टचं खरं आहे. रोदेझला 3 पॉइंट द्या, बोर्दोला पुढच्या वर्षी वजा 3 ने सुरू करायला लावा, आणि आनसीला खाली पाठवू नका, 21 टीमची लीग खेळवा एक वर्ष.

स्टॅट_काका

21 म्हणजे दर आठवड्याला एक टीम घरी बसणार, 42 राउंड. टीव्हीवाले मारतील.

निळी_पांढरी_चिंता

21 मधून आम्हाला वजा केलं की 20 च उरतात, काळजी नको.

टुलूझचा_पाटील

एक सांगायचं राहिलं. तुमच्या त्या फुकटच्या 3 पॉइंटवाल्या रोदेझने पुढच्या सीझनला, 2023-24 ला, चौथा नंबर काढला आणि प्लेऑफमध्ये पॅरिस एफसीला बाहेर काढलं, मग सेंट एतिएनकडून हरले. तो रोदेझचा पोरगा तेव्हा आठवडाभर ऑफिसात स्कार्फ घालून आला, मे महिना संपत आलेला, बाहेर ऊन.

रात्रपाळी_फुटबॉल

आणि आनसी पण टिकलं त्या वर्षी. मैदानावर टिकलं, पाटील.