'हरू नकोस' म्हणणारी जपानी गाणी : धीर की टोचणी?

पायवाट

नव्वदच्या दशकातली 'धीर देणारी' जपानी गाणी मला हल्ली ऐकवत नाहीत. जपानी शिकणाऱ्याच्या वाट्याला ती येतातच. पुण्यात आमच्या वर्गाचं गॅदरिंग झार्ड या बँडच्या 'माकेनाइदे' (हरू नकोस) या गाण्याशिवाय कधी संपलं नाही. चाल झकास, शब्द सोपे, जाता जाता व्याकरणाचीही उजळणी होते.

पण ही गाणी आली कधी ते बघा. जपानी शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता, तिथून तो कोसळला. १९९० मध्ये कान या गायकाचं 'आइ वा कात्सु', म्हणजे शेवटी प्रेमच जिंकतं. १९९१ मध्ये दाइजिमान ब्रदर्स बँडचं 'सोरे गा दाइजी', म्हणजे तेच महत्त्वाचं. जानेवारी १९९३ मध्ये 'माकेनाइदे', १९९५ मध्ये ओकामोतो मायोचं 'टुमॉरो'. याच वर्षांत कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना नोकऱ्या मिळेनाशा झाल्या. जपानी लोक त्या काळाला नोकऱ्यांचं हिमयुग म्हणतात. आणि रेडिओवर काय चाललंय? हरू नकोस, टाकून देऊ नकोस, पळू नकोस, शेवटपर्यंत विश्वास ठेव. 'सोरे गा दाइजी'चं ध्रुवपद म्हणजे ही यादीच आहे. कंपन्यांनी भरती बंद केली, त्यात पोरगं काय दिवे लावणार? सगळा भार एकट्याच्या डोक्यावर द्यायचा आणि वर ड्रम बडवायचे, हा कसला धीर?

निशीकासाई

काळाचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेलं अनुमान नाही पटलं. 'माकेनाइदे' ध्रुवपदाच्या आधीपासून ऐका ना! सुरुवात नजरानजरेने होते. अचानक डोळ्याला डोळा भिडला तेव्हाची धडधड आठवते ना, असं ती विचारते. पुढे फिकट रंगांचा ऋतू, त्या ऋतूत जडलेलं प्रेम, 'तेव्हासारखाच झळकत राहा' हे आर्जव. कुणी एक बाई कुणा एका माणसाशी बोलते आहे, आणि तो माणूस सध्या लांब आहे. शब्द झार्डची गायिका साकाई इझुमीचे स्वतःचे, चाल ओदा तेत्सुरोची. यात कंपनी कुठे आली?

त्याचं धावण्याचं गाणं केलं ते टीव्हीने. निप्पॉन टेलिव्हिजनचा २४ तासांचा धर्मादाय कार्यक्रम असतो, त्यात १९९२ पासून कुणी ना कुणी कलाकार लांब पल्ल्याची दौड करतो. शेवटच्या टप्प्यात पाय ओढत चाललेला माणूस पडद्यावर आणि मागे 'माकेनाइदे'. वर्षानुवर्षं हे बघितल्यावर गाण्याचा अर्थच तेवढा उरला. राग काढायचा तर टीव्हीवर काढा. साकाई स्वतः टीव्हीवर जवळपास यायच्याच नाहीत, पहिला दौरा केला तो थेट २००४ मध्ये. पुढे कर्करोग झाला, २००७ च्या मे महिन्यात गेल्या, वय ४०. हे ठाऊक असलेला माणूस ते गाणं ऐकतो तेव्हा त्याला 'कामाला लाग' असं ऐकू येत नाही.

तिखटमीठ

प्रेमगीत असेल हो, पण कवयित्रीच्या मनात काय होतं हे कराओकेत कोण विचारतो? गाणं लोकांच्या तोंडी ज्या कामासाठी रुळतं, तेच त्याचं काम.

आणि पायवाट, तुम्ही १९९० पासून धरलंत, मी जरा मागून धरते. १९८९ च्या आसपास रीगेन नावाच्या शक्तिवर्धक पेयाची जाहिरात होती : '२४ तास लढू शकता का?' त्याचं गाणंही गाजलं. म्हणजे तेजी होती तेव्हा पैसे मिळवायला लढा, मंदी आली तेव्हा टिकून राहायला लढा. माणसाने बसायचं कधी? १९९८ पासून २०११ पर्यंत जपानात दर वर्षी ३० हजारांहून जास्त आत्महत्या झाल्या. गाण्यांमुळे झाल्या असं मी म्हणत नाहीये, उगाच त्यावरून भांडायला येऊ नका. पण नैराश्यात असलेल्या माणसाला 'अजून जोर लाव' म्हणू नका, हे आता तिकडचे डॉक्टरच सांगतात. एका अख्ख्या पिढीला मात्र नेमकं तेच ऐकवलं, तेही कोरसमध्ये.

जुनीटेप

तुम्ही सगळे नव्वदीतच अडकलात. त्याआधीची ऐका.

१९६१ : साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे वर बघत चालू या. शब्द एई रोकुसुके, संगीत नाकामुरा हाचिदाई. अमेरिकेत त्याला 'सुकियाकी' असं नाव चिकटवलं (पदार्थाचा गाण्याशी काडीचा संबंध नाही) आणि १९६३ च्या जूनमध्ये ते जपानी शब्दांसकट बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर गेलं. गाण्यातला माणूस वर बघत का चालतो? तर डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून. १९६० मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध मोठी निदर्शनं झाली, करार तरीही झाला. त्या मोर्चातून परतताना एईंना हे सुचलं असं सांगतात. म्हणजे हरलेल्या माणसाचं गाणं, आणि तो हरलोय हे लपवतही नाही. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर सनतोरी कंपनीने बऱ्याच कलाकारांकडून एकेक ओळ गाऊन घेतली ती याच गाण्याची. घर वाहून गेलेल्याला 'हरू नकोस' कुठल्या तोंडाने सांगणार?

१९६८ मधलं सुइझेन्जी कियोकोचं '३६५ पावलांचं मार्च' तर खास माझ्या आवडीचं. सुख चालत येत नाही म्हणून आपण चालत जायचं, रोज एक पाऊल. इथवर सुभाषित. पण लगेच पुढे : तीन पावलं पुढे, दोन पावलं मागे. मागे जाण्याचा हिशेब गाण्यातच मांडलाय, तोही बँडच्या तालावर. इतका व्यवहारी धीर नव्वदीतल्या कुणी दिला?

पायवाट

जुनीटेप, मला हेच म्हणायचं होतं. आणि १९८३ मधलं नाकाजिमा मियुकीचं 'फाइट!' विसरू नका. बाई रेडिओवर रात्रीचा कार्यक्रम करायच्या, तिथे आलेल्या पत्रांतून ते गाणं उभं राहिलं. शिक्षण कमी म्हणून काम नाकारलेली मुलगी, तिचं थरथरतं अक्षर. स्टेशनच्या जिन्यावर एका लहान मुलाला ढकललेलं पाहून मदत न करता पळालेली, आणि त्याबद्दल स्वतःला शत्रू म्हणणारी दुसरी. मग गाव सोडून निघालेला तो. गावकरी म्हणतात, तू गेलास तर तुझ्या घरच्यांना इथे राहू देणार नाही. तो तिकीट जाळायला घेतो, जाळवत नाही, शेवटी कुणाला तरी पाठवून देतो, 'तुझ्याकडे ठेव' म्हणून. तिकिटावरची अक्षरं फुटलेली : तोक्योकडे. हे सगळं ऐकवून झाल्यावर बाई 'लढ' म्हणतात. आधी ऐकून घेतलं, मग बोलल्या. मी उगाच चिडत नाहीये, फरक इथे आहे.

निशीकासाई

गाणं थोर आहे, वादच नाही. पण 'फाइट!' १९८३ मध्ये अल्बमच्या पोटात होतं. एकल तबकडीवर आलं ते १९९४ मध्ये, 'सोरा तो किमी नो आइदा नी' या तिच्याच गाण्याच्या जोडीला, आणि ती तबकडी दहा लाखांच्या वर खपली. म्हणजे 'माकेनाइदे' घरी नेणाऱ्या जनतेनेच वर्ष-दीड वर्षात हेही उचललं. तुमचं ते खरं आणि आमचं ते खोटं, असं गिऱ्हाइकाने तरी मानलेलं दिसत नाही. दुकानातून पुढे 'फाइट!'सुद्धा जाहिरातींत गेलं, त्यामुळे सोवळं कुणाचंच राहिलेलं नाही.

रात्रपाळी

मी पुण्यातून जपानी ग्राहकांचे फोन घेते. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेपाच, घरून कॅब चारला. त्या वेळी 'फाइट!' लावून बघा, कंपनीत पोचेपर्यंत राजीनामा टाइप झालेला असेल. मला कॅबमध्ये 'माकेनाइदे'च लागतं. मंदी, हिमयुग सगळं वाचलंय, अभ्यासाला होतं. पण पहिला फोन ओरडणाऱ्या माणसाचा येणार हे माहीत असताना मला माझी पत्रं वाचणारं कुणी नकोय, कुणीतरी नुसतं पाठीत थोपटलं तरी भागतं. ते खोटं असलं तरी चालेल.

तिखटमीठ

चालेल म्हणता, पण पाळी बदलून मागितलीत का कधी? थोपटल्यावर माणूस मुकाट पुढची पाळी करतो, तक्रार इतकीच आहे.

रात्रपाळी

मागितली. दोनदा. गाणं ऐकत होते तरीही.

जुनीटेप

एक राहिलं. 'सोरे गा दाइजी'ला पहिल्याच पोस्टमध्ये झोडपलं आणि कुणीच त्याची बाजू घेतली नाही, म्हणून मी घेतो. यादीच्या मध्ये कडवी आहेत, त्यात एके ठिकाणी म्हटलंय की महागडं थडगं उभारण्यापेक्षा स्वस्तातलं का होईना, जिवंत असणं झकास. रडू आलं तर रडलास तरी चालेल, असंही आहे. १९९१ मध्ये, जमिनीच्या भावापायी वेडा झालेला देश शुद्धीवर येत असताना हे लिहिलंय. याला टोचणी म्हणणार?

पायवाट

थडग्याची ओळ चांगली आहे. पण ती एकदा येते. यादी किती वेळा येते ते मोजा आणि मग बोला.