मदत हवी आहे: मदतनिधीतल्या जादा वेतनाच्या पात्रतेचा पुरावा

मंडळी, मी अमेरिकेत एका छोट्या नगरपालिकेच्या लेखा विभागात आहे. २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनच्या (केंद्र सरकारच्या कोविड मदत कायद्याच्या) निधीतून आम्ही कोविडकाळातल्या कामासाठी जादा वेतन दिलं: तासाला कमाल १३ डॉलर, माणशी २५,००० डॉलरपर्यंत. आता ऑडिट आलंय. घरून केलेले तास यात धरता येत नाहीत. कचरा उचलणारे, पाणीपुरवठ्यावाले यांचा प्रश्नच नाही, ते रोज रस्त्यावर होते. पण परवाना विभागातले लोक काही दिवस घरून काम करायचे आणि टाइमशीटवर नुसते एकूण तास आहेत. खरोखर पात्र असलेल्यांकडून केवळ कागदाअभावी पैसे परत मागावे लागू नयेत, एवढीच तळमळ आहे. दाराच्या कार्डाच्या नोंदी आणि वरिष्ठांचं लेखी प्रमाणपत्र एवढ्यावर भागतं का? कुणी असं ऑडिट पार पाडलं असेल तर कृपया सांगा.