मदत हवी आहे: ज्वारी महागली तरी खप वाढला, मग ती गिफेन वस्तू का?

काळी_माती
नमस्कार मंडळी. एस.वाय.बी.ए.ला आहे, अर्थशास्त्र घेतलंय. किंमत आणि उत्पन्न बदललं की घरातल्या धान्याच्या मागणीचं काय होतं, हा प्रकल्प मीच हौसेने मागून घेतला. गाव मंगळवेढ्याच्या बाजूला, त्यामुळे धान्य अर्थातच ज्वारी. गावातली काही घरं आणि पुण्यातले नातेवाईक, दोन्हीकडून प्रश्नावली भरून घेतली आणि आता डोकं चालेना झालंय.

पुण्यातले म्हणतात, ज्वारी गव्हाच्या वर गेली तरी आम्ही आधीपेक्षा जास्त घेतो. (मावशीकडे काकांची साखर वाढल्यापासून दोन्ही वेळा भाकरीच.) गावात रोजंदारीवर जाणाऱ्या घरांत रेशनच्या गव्हाची चपाती आणि भात, भाकरी कधीमधी. आणि ज्यांच्या रानातच ज्वारी पिकते, त्यांनी भाव चढला म्हणून एक भाकरी कमी केलेली नाही. एकदोन घरांत तर खाणं वाढलंय.

आमचे सर म्हणाले, "भाव वाढला, मागणी वाढली, म्हणजे गिफेन वस्तू. लिहून टाक." पण पुस्तकात गिफेन वस्तू गरिबाघरची असते, इथे जास्त खाणारे खाऊनपिऊन सुखी आहेत. सरांना काही म्हणायचं तर हातात ठोस हवं. पर्यायी परिणाम (एक धान्य महागलं म्हणून दुसऱ्याकडे वळणं) आणि उत्पन्न परिणाम (भावामुळे खिसा हलका किंवा जड झाला म्हणून बदललेली खरेदी) वेगळे कसे काढायचे? समवृत्ती वक्र (सारखंच समाधान देणाऱ्या दोन वस्तूंच्या जोड्यांची रेषा) काढता येतात हो, पण त्यात आमचं गाव कुठे बसतं तेच कळत नाही.

अर्थहीन
वक्र बाजूला ठेवा, आधी हिशेब करू. समजा एका घराला महिन्याला २० किलो धान्य लागतंच आणि त्यासाठी ५०० रुपये आहेत. ज्वारी २० रुपये, तांदूळ ४० रुपये. मग १५ किलो ज्वारी आणि ५ किलो तांदूळ बसतो. आता ज्वारी २४ वर गेली. पोट तेवढंच, पैसे तेवढेच. करून बघा: पावणेएकोणीस किलो ज्वारी, सव्वा किलो तांदूळ. ज्वारी महाग झाली आणि ज्वारीच जास्त घ्यावी लागली, कारण तांदूळ परवडेनासा झाला. याला म्हणायचं गिफेन वस्तू.

पण हे जमायला अटी आहेत. ज्वारी हे हाताशी असलेलं सगळ्यात स्वस्त धान्य हवं, आणि खर्चाचा मोठा हिस्सा तिच्यावर जात असावा. तुमच्या गावात पहिली अट तिथल्या तिथे मोडते. जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबांना (अन्नसुरक्षेच्या यादीतल्या गरजू घरांना) माणशी ५ किलो धान्य रेशनवर फुकट आहे. ज्वारी महागली तर माणूस गव्हाकडे वळणार, म्हणजे पर्यायी परिणाम बिनअडथळा चालतो. दुसरी अटही लंगडी आहे. १९९९-२००० मध्ये देशातल्या ग्रामीण घरखर्चात तृणधान्यांचा वाटा २२ टक्क्यांच्या आसपास होता, २०२२-२३ च्या उपभोग सर्वेक्षणात तो जेमतेम ५ टक्के उरला. तो अख्खा वाटा ज्वारीचा धरला आणि भाव १० टक्क्यांनी चढला, तरी खऱ्या उत्पन्नाला फटका बसतो अर्ध्या टक्क्याचा. एवढ्याशा उत्पन्न परिणामाने पर्यायी परिणाम उलटा फिरत नाही.

सरांना दाखवायला खरं उदाहरण हवं असेल तर चीनचं द्या. जेन्सन आणि मिलर या दोघांनी हुनान प्रांतात गरीब घरांना तांदळावर सवलत दिली, तर त्यांनी तांदूळ कमी घेतला. निबंध २००८ चा. गंमत म्हणजे अगदी तळातल्या घरांत हे दिसलं नाही. तांदूळ सोडून थोडंफार दुसरं खायला परवडणाऱ्या, पण गरीबच असलेल्या घरांत दिसलं. आयर्लंडच्या दुष्काळातल्या बटाट्याचं उदाहरण मात्र देऊ नका. बटाटाच सडून गेला होता, लोक जास्त खाणार कुठून?

राहिलं पुणं. तिथे भावामुळे मागणी वाढलेली नाही. डॉक्टर, आवड, उत्पन्न असं बाकीचं बदललंय आणि मागणीचा अख्खा वक्रच उजवीकडे सरकलाय. बारावीच्या भाषेत ही मागणीतील वृद्धी (भाव सोडून इतर कारणाने वाढ), विस्तार (भाव उतरल्याने वाढ) नव्हे. "इतर परिस्थिती कायम" ही ओळ आपण सगळे पाठ करतो आणि प्रकल्प लिहिताना विसरतो.

भुसार_आडत
अर्थशास्त्र आपल्याला येत नाही, बाजार समितीत बसतो. ताई, भाव का वाढला तेही लिहा. रब्बीची मालदांडी जातीची ज्वारी हाताने उपटून काढावी लागते आणि त्या कामाला आता माणूस मिळत नाही. मिळालाच तर मजुरी ऐकून शेतकरी म्हणतो, त्यापेक्षा ऊस बरा, नाहीतर हरभरा पेरू. पेरा घटला म्हणून आवक घटली. ज्यांच्याकडे जनावरं आहेत ते कडब्यासाठी तरी पेरतात. गिऱ्हाइकाने भाव चढवला एवढंच धरू नका.

हुरडाप्रेमी
त्याच ज्वारीची कोवळी कणसं शनिवार-रविवारी पुणेकरांना शेतावर बसवून, दरडोई दर लावून खायला घालतात. तिथे भाव जितका जास्त तितकी गर्दी. गिफेन सोडा, प्रतिष्ठेच्या वस्तूंवर (महाग म्हणूनच हव्याशा वाटणाऱ्या) एक परिच्छेद टाका. बाकी धाग्याची वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

काळी_माती
अर्थहीन सर, फार आभार. हिशेब वहीत करून बघितला, बरोबर येतोय. पण घरची ज्वारी खाणाऱ्यांचं काय? त्यांना भाव लागूच होत नाही असं लिहू का?

अर्थहीन
अजिबात नको. लागू होतो, दोन्ही बाजूंनी. घरची एक पायली खाल्ली म्हणजे ती विकायची राहिली, तेव्हा बाजारभाव हीच तिची किंमत. म्हणून पर्यायी परिणाम सांगतो, विका आणि गहू आणा. पण खाऊन उरलेलं विकणाऱ्या घराला भाववाढ म्हणजे वाढलेली कमाईच. ते घर श्रीमंत होतं, मजुराचं घर गरीब होतं, तेही एकाच भाववाढीने. त्यामुळे शेतकऱ्याघरी खाणं वाढलं तर तेही गिफेन नाही, नफ्यातून आलेला उत्पन्न परिणाम आहे. तीन गट वेगळे करा: विकणारे, विकत घेणारे, घरापुरतं पिकवणारे. एकत्र सरासरी काढलीत की सगळं पुसलं जाईल.

रेशनचा बारकावाही लिहा. धान्य फुकट आहे ते कोट्यापुरतं. पाच माणसांच्या घराला २५ किलो मिळतं आणि त्यांना ३५ लागतं, तर वरच्या दहा किलोंना बाजारभावच मोजावा लागतो. अशा घरासाठी रेशन म्हणजे हातात आलेले जादा पैसे, म्हणजे नुसता उत्पन्न परिणाम. आणि हाती पैसा आल्यावर ज्वारी कमी होत असेल, तर त्या घरापुरती ज्वारी कनिष्ठ वस्तू. मावशीकडे तीच सामान्य वस्तू (पैसा वाढला की जास्त घेतली जाणारी) असू शकते. कनिष्ठ हा शिक्का धान्यावर मारायचा नसतो, घर आणि उत्पन्न बघून ठरतो.

काळी_माती
उत्पन्नाचा रकानाच अर्ध्या घरांनी कोरा ठेवलाय. पुन्हा विचारलं तर वाईट वाटेल त्यांना.

भुसार_आडत
उत्पन्न कोण सांगतंय ताई! जमीन किती एकर, बागायत की जिरायत, गोठ्यात दुभती किती, हे विचारा, लोक आनंदाने सांगतात. रेशनकार्ड पिवळं की केशरी तेही टिपा, पण त्यावर फार विसंबू नका. पिवळ्याला वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत हवं असा नियम, आणि आमच्याकडे ट्रॅक्टरवाल्याच्या खिशातही पिवळंच निघतं.