मुलगा बोलत नाहीये, स्पीच थेरपिस्ट सुचवा (जरा लवकर)

वैतागवाडी
नमस्कार मंडळी. मुलगा अजून बोलत नाही. डॉक्टर म्हणतात थांबा, मुलगे उशिराच बोलतात. सासूबाई म्हणतात ह्याचा बाप पण असाच मुका होता, आता बघ गप्प बसतो का. नवरा म्हणतो तू आधी गूगल बंद कर. आणि काल प्लेस्कूलच्या मॅडमनी डायरीत 'नॉट कम्युनिकेटिंग' लिहून पाठवलंय, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. चांगला स्पीच थेरपिस्ट कोणाला माहीत आहे का? घरी काय करून घ्यायचं तेही सांगा. फक्त 'काळजी करू नकोस' एवढं सोडून काहीही चालेल.

निशिगंध७
अगं पण वय काय त्याचं? आणि गाव कोणतं? थेरपिस्ट नागपूरचा सुचवायचा की पनवेलचा?

बापू जुनेजाणते
वेखंड मधात उगाळून जिभेला चाटवा, रोज सकाळी. आमच्या घरात सगळी पोरं ह्यावरच बोलायला लागली. हल्ली आईबाप मोबाईलमध्ये आणि पोरगं टीव्हीपुढे, बोलणार कोणाशी?

चहाबाज
बापू, वेखंड न चाटता पण पोरं बोलतातच की. मोबाईलचं मात्र पटलं.

वैतागवाडी
कराडला असतो. सव्वादोन वर्षांचा आहे. मोबाईल जेवतानाच देतो फक्त, नाहीतर घास घेत नाही.

मुक्ता_वाचा
मी स्पीच थेरपिस्ट आहे, पण इथे बसून निदान करणार नाही. काही गोष्टी सांगा. एकूण शब्द किती? प्राण्यांचे आवाज, 'मंमं', 'भुर्र' हे पण धरायचे. दोन शब्द जोडतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, आणि दाखवून तुमच्याकडे वळून बघतो का? हाक मारली की बघतो? न खुणावता सांगितलेलं कळतं का? आणि कानाची तपासणी झालीय का? दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि 'पाणी दे' सारखी जोडी यावी अशी अपेक्षा असते, त्यामुळे 'थांबा' हा सल्ला मी तरी देणार नाही. थेरपीला जाण्यात नुकसान काही नाही.

अटलांटिकपार
आम्ही न्यू जर्सीत. इथे तीन वर्षांच्या आतल्या मुलांना अर्ली इंटरव्हेन्शन (लहानपणीच सुरू होणारी सरकारी मदत, थेरपी वगैरे) मिळतं, मूल्यांकनाचे पैसे पडत नाहीत, थेरपिस्ट घरी येते. तुम्ही घरी एकच भाषा बोला, मराठी की इंग्लिश ते ठरवून टाका, दोन भाषांनी मूल गोंधळतं.

मुक्ता_वाचा
नाही हो, दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. आईने ज्या भाषेत भांडता येतं त्याच भाषेत पोराशी बोलावं :)

अटलांटिकपार
आमच्या थेरपिस्टनेच सांगितलं होतं.

चहाबाज
मग आमच्या बेळगावची पोरं मुकीच राहायला हवी होती. मराठी, कानडी, हिंदी, तिन्हीत शिव्या देतात.

वैतागवाडी
भाषेचं राहू दे. शब्द: पापा, मंमं, जा, गागा (गाडी), भू. 'आई' म्हणत नाही. जोडी नाही. बोट दाखवतो, विमान दिसलं की आधी वर आणि मग माझ्याकडे बघतो. बाबांचा चष्मा आण म्हटलं की आणतो, कधीकधी. हाक मारली तर मूड असेल तर बघतो. कानाला काही नाही, कुकरची शिट्टी झाली की दचकतो.

गोदाकाठ
माझा भाचा तोतरा बोलायचा, त्याला आरशासमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावलं, आता वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं घेतो. नक्की करून बघा.

निशिगंध७
गोदाकाठ, सव्वादोन वर्षांचं पोर वाचणार काय?

मुक्ता_वाचा
विमानाचं वाचून बरं वाटलं, ते खरंच महत्त्वाचं आहे. पण कुकरच्या शिट्टीवरून कान ठरत नाही. मोठा आवाज ऐकू येणं वेगळं आणि 'स', 'फ' सारखे बारीक आवाज ऐकू येणं वेगळं. सर्दी वारंवार होते का?

वैतागवाडी
बारा महिने. प्लेस्कूल लागल्यापासून तर नाक वाहायचं थांबतच नाही. रात्री कान ओढतो, आम्हाला वाटलं दात येतायत.

मुक्ता_वाचा
मग आधी ईएनटीला कान दाखवा आणि ऑडिओलॉजिस्टकडून (ऐकण्याची तपासणी करणारे) टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते), ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते) आणि गरज पडली तर बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते) करून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की मूल ऐकतं, पण आपण पाण्याखालून ऐकतो तसं. कधी हाकेला बघतो, कधी नाही, हे त्यामुळेही असू शकतं. थेरपिस्टचं नाव शोधताना आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे ना ते विचारा. साताऱ्याला जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं जिल्हा केंद्र) चौकशी करा, आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजनेखाली मुलांची तपासणी फुकट असते. मुंबईला जाणं जमणार असेल तर वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, 1983 पासूनची, केंद्र सरकारची.

बापू जुनेजाणते
एवढ्या तपासण्या म्हणजे डॉक्टरांची दुकानदारी.

चहाबाज
बापू, सरकारी सांगतायत त्या, फुकट.

शेवंताची_आई
माझ्या मुलीचं असंच होतं, आता शाळेतून तक्रार येते की फार बोलते. घरी काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही म्हणून लिहिते. आम्हाला थेरपिस्टने कॅनडातल्या हॅनन सेंटरची पद्धत शिकवली होती, 1975 पासून ते लोक मुलापेक्षा आईबापालाच शिकवतात. सगळं सार म्हणजे बघा, थांबा, ऐका. मला थांबणंच जमायचं नाही. 'हे काय? सांग ना, हे काय?' ही माझी दिवसभर परीक्षा चालायची, ती पहिली बंद केली. केळं द्यायचं तर अख्खं हातात द्यायचं नाही. एक तुकडा द्यायचा, बाकीचं आपल्या हातात ठेवायचं, तिच्या उंचीला बसायचं आणि तोंड मिटून मनात दहा मोजायचे. ती 'क' म्हणाली, नुसतं बघितलं तरी 'केळं! केळं हवं' म्हणून लगेच द्यायचं. रडवायचं नाही, 'आधी म्हण मग देते' तर अजिबात नाही. तो 'गागा' म्हणतो ना, तर तुम्ही 'गाडी. गाडी गेली' म्हणा, त्याच्यापेक्षा एखादाच शब्द जास्त. डबा घट्ट लावून द्यायचा म्हणजे तो उघडायला तुमच्याकडे येतो. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द सोडून द्यायचा. वेगळा वेळ काढायचा नाही, अंघोळ, जेवण, कपडे वाळत घालणं ह्यातच. आणि हो, जेवतानाचा मोबाईल. तीच तर सगळ्यात जास्त बोलायची वेळ आहे.

वैतागवाडी
हे उपयोगाचं आहे, थँक्यू. मोबाईल काढला तर जेवणार नाही, बघते. नवऱ्याला पण वाचायला दिलं, तो म्हणतो दहा मोजणं तुला जमणार नाही.

पुणेरी_बाप
धागा थोडा हायजॅक करतोय, कराडला सीबीएसई शाळा कोणती चांगली? आमची बदली होतेय.

चहाबाज
नवीन धागा काढा की राव.

वैतागवाडी
ईएनटीने कानात पाणी असू शकतं म्हटलंय, औषध दिलंय आणि बेरा सांगितलीय. अपॉइंटमेंट दुपारची आहे आणि मूल झोपलेलं पाहिजे म्हणे. हा दुपारी झोपतच नाही, काय करू?

शेवंताची_आई
आदल्या रात्री उशिरा झोपव, सकाळी लवकर उठव. पोट भरलेलं असू दे, पण झोपेचं औषध देणार असतील तर किती वेळ उपाशी ठेवायचं ते फोन करून विचार, मनाने औषध देऊ नकोस. त्याची नेहमीची गोधडी घेऊन जा. आणि जाताना गाडीत झोपू देऊ नकोस, मागे कोणीतरी जागवायला बसा. आमची नेमकी टोलनाक्यावर झोपली आणि तिथे पोचल्यावर टक्क जागी, दुसरी तारीख घ्यावी लागली.