मे महिन्यात म्हातारी माणसं, लहान मुलं आणि ताडोबा: जावं की टाळावं?

सागपान:
एप्रिल लागला की विचारणा सुरू होते: सुट्टीत ताडोबा करायचंय, आईबाबा आणि मुलं सोबत आहेत, कोणतं गेट घेऊ? उत्तरही ठरलेलं असतं. मे महिना घ्या, पाणवठ्यावर वाघ हमखास.

माझा या सल्ल्याला स्पष्ट विरोध आहे. मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जातो. दुपारच्या सफारी फेरीत उघड्या जिप्सीत जवळपास चार तास बसायचं आणि ठरलेल्या थांब्याशिवाय खाली उतरायचं नाही. सहा वर्षांच्या पोराला आणि सत्तरीच्या आजोबांना हे कशासाठी सोसायला लावायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. गवत उंच असतं, वाघ कमी दिसतो, मान्य. पण तेव्हा मुलं जंगल बघतात. चितळांचा कळप चरता चरता थबकतो, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला, शेपट्या वर, एखादी मादी पुढचा खूर जमिनीवर आपटते. वर झाडावर वानर खाकरतं. गाइड इंजिन बंद करायला लावतो. कोण कोणाला सावध करतंय हे पोराला तिथल्या तिथे कळतं, मग वाघ येवो न येवो. उन्हाने कावलेलं मूल फक्त "परत कधी जायचं?" एवढंच विचारतं.

दुसरं, "एवढा खर्च केलाय, वाघ दिसलाच पाहिजे" या हट्टाचं काय होतं ते ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांच्या मधोमध अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

चंद्रपूरकर:
ताई, उमरेडचा प्रकार ऐन थंडीतला आहे, त्याचा दोष मे महिन्यावर टाकू नका. गर्दी तर नाताळातच जास्त.

नोकरदार माणसाला मुलांच्या शाळेतून नोव्हेंबरात सुट्टी कोण देणार? दिवाळीच्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र तिथेच असतो. आणि डिसेंबरातल्या पहाटे उघड्या जिप्सीत काय गारठा असतो ते लिहायचं राहिलं तुमचं. आजोबांचे गुडघे त्यात धरतात.

मेमध्ये फक्त सकाळची फेरी घ्या. पानगळ झालेली असते, आतपर्यंत नजर जाते. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पिकलेली असतात, ती खायला अस्वल येतं. गव्यांचे कळप पाण्यावर येतात. डोक्याला ओला पंचा, सोबत ताक, आणि दहा-साडेदहाला खोलीवर. आमची पोरं याच उन्हात वाढली.

मोहफूल:
माझा भाऊ बफरमध्ये, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यात, गाइड आहे, म्हणून लिहिते. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे आतला गाभा, बंद. कोअरच्या गाइडांचं घर त्या तीन महिन्यांत एप्रिल-मेच्या कमाईवर चालतं. "मेमध्ये येऊ नका" हे पुण्यात बसून लिहिणं सोपं आहे.

पण हट्टाबद्दल सागपानताईंना शंभर टक्के अनुमोदन. उमरेडच्या प्रकरणात निलंबन झालं ते चालकांचं आणि गाइडांचं. "अजून थोडी पुढे घे, बघतो तुझं" म्हणणारे पाहुणे नामानिराळे राहतात. मुलांच्या देखत असं बोलू नका, एवढीच विनंती.

रानवारा:
तुम्ही सगळे महिन्यावरून भांडताय. माझ्या मते कुटुंबाने कोअरमध्ये जाऊच नये. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं, ते उगाच नाही. पुढे नियम आला की गाभ्याच्या २० टक्क्यांहून जास्त भागात पर्यटन नको. त्या २० टक्क्यांतही आपण रांगा लावायच्या?

मुलांना नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात न्या. २०२४मध्ये तो देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा. सिल्लारीच्या बाजूला रात्री आकाशगंगा दिसते. शहरातल्या मुलाने ती पाहिलेलीच नसते.

मोहफूल:
रानवारा दादा, आणि आमच्या लोकांनी काय करायचं? मेमध्ये तेंदूपानं तोडायला जंगलात जावंच लागतं, वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. पर्यटनातून घरात चार पैसे येतात म्हणून गाव वाघाला सोसतं. तेही बंद केलंत तर वाघाच्या बाजूने गावात कोण बोलेल?

सागपान:
मोहफूल, तुमचा मुद्दा मोठा आहे. म्हणूनच सांगते, ज्यांना ऊन झेपतं त्या तरुण मंडळींनी मेमध्ये जरूर जावं. माझा विरोध फक्त आजोबा आणि पोरांना दुपारी नेण्याला आहे, आणि तो कायम आहे.

बेत आखणाऱ्यांसाठी: आधी गेट ठरवा, मग खोली. मोहर्ली चंद्रपूरहून जवळ, कोलारा नागपूरहून चिमूरमार्गे. एकीकडचं गेट आणि दुसरीकडची खोली घेतलीत तर पहाटेच्या अंधारात बाहेरून लांबचा वळसा पडतो. मंगळवारी पार्क बंद. जिप्सीत पाहुणे सहाच. मूळ ओळखपत्रं बरोबर ठेवा. एक फेरी कोअरची, एक बफरची पुरे, मधली दुपार झोपेला.

चंद्रपूरकर:
दुपारी पोरांना नेऊ नये, हे मान्य. महिना मात्र मेच.