बुलपप: नळी तीच, लांबी कमी

बुलपप म्हणजे एकूण लांबी कमी असलेली एक रायफल-रचना. 'बुलपपची नळी आखूड, म्हणून मारा कमी' असं कुणी म्हणालं, तर ते उलटं आहे. मॅगझीन (गोळ्यांची पेटी) आणि बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा भाग) ट्रिगरच्या मागे, बटात (खांद्याला टेकणाऱ्या भागात) गेल्यामुळे नळी कापावीच लागत नाही. इस्रायली बुलपप टॅव्होर टार-21ची नळी 46 सेंमी, एकूण लांबी साधारण 72. साध्या रचनेच्या (मॅगझीन ट्रिगरच्या पुढे) भारतीय इन्सासची नळी जवळपास तेवढीच, पण रायफल 95 सेंमीच्या आसपास. गाडीतून उतरताना हा फरक कळतो.

खरी अडचण ट्रिगरची. त्यापासून मागच्या हॅमरपर्यंत (गोळी उडवणाऱ्या हातोडीपर्यंत) लांब सळई जाते. ती किंचित लवते, घासते, म्हणून ओढ जड आणि बोथट लागते. डाव्या खांद्यावरून झाडलं तर बाहेर उडणारी रिकामी पुंगळी तोंडाशी येते. टॅव्होरमध्ये डावा बोल्ट बसवून बाजू पालटता येते, पण ते निवांत बाकावरचं काम. कोपऱ्याआडून झटकन खांदा बदलताना उपयोग शून्य. मॅगझीन काखेशी, त्यामुळे पालथं पडून बदलताना कोपर अडतो. बटाची लांबीही बहुधा ठरलेली, बुलेटप्रूफ जाकिटावरून ती जास्त वाटते.

आपल्या ग्वाल्हेरजवळ मालनपूरला टॅव्होर एक्स-95 बनते म्हणून तिची बाजू घ्यायला नको. फ्रान्सने 2017पासून आपली बुलपप फामास बदलून जर्मन एचके 416 रायफल घ्यायला सुरुवात केली, ती साध्या रचनेचीच.