आकडा जुना दिसतो म्हणून बदल झालाच नाही असं नसतं
अ‍ॅपमधली खाती बंद केली तरी एपीआयमधे (सर्व्हरकडून माहिती मागवायचा मार्ग) खात्यांचा एकूण आकडा तोच येतोय म्हणजे बदल सेव्हच झाला नाही, असं इथे कोणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. बदल मुख्य डेटाबेसमधे लगेच जातो, पण बेरजा दर रिक्वेस्टला नव्याने करणं जड पडतं म्हणून बरेच जण त्या ठराविक वेळाने मोजून कॅशमधे, म्हणजे तयार उत्तरांच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवतात.

आम्ही जळगावला केळीच्या व्यापाऱ्यांसाठी अ‍ॅप चालवतो, रावेरच्या एकाने दोन खाती बंद केली आणि आकडा हलेचना, मी पाऊण तास कोड उपसत बसलो आणि मग रिस्पॉन्सचे हेडर (उत्तरासोबत येणारी तांत्रिक माहिती) बघितले तर एज (Age, उत्तर किती जुनं आहे) २८८० आणि मॅक्स-एज (max-age, किती जुनं होईपर्यंत वापरायचं) ३६००, दोन्ही सेकंदात, म्हणजे उत्तरच ४८ मिनिटं शिळं होतं! आधी ते हेडर बघा राव, आणि बंद केलेल्या खात्याची माहिती वेगळी मागवून बघा, म्हणजे ते खरंच बंद झालंय का ते कळेल.